ए-९ की एसए-९? मालगाडीच्या दोन ब्रेकदांड्या

परळीच्या औष्णिक केंद्राकडे निघालेली भरलेली कोळसागाडी घ्या. ५८ बॉक्सएन (वरून उघड्या) वाघिणी, प्रत्येकी ८१ टनांच्या घरात. म्हणजे इंजिनामागे सुमारे ४,७०० टन ओझं आणि लांबी सहाशे मीटरच्या वर. पुढे १२३ टनांचं डब्ल्यूएजी-९ इंजिन. लोको पायलटच्या हाताशी ब्रेकच्या दोन दांड्या: ए-९ आणि एसए-९. नव्या इंजिनांत आतली यंत्रणा बदलली, तरी बोलताना नावं तीच चालतात. नावांत एका अक्षराचा फरक आहे, पण दोघींची वागणूक अगदी उलटी.

ए-९ सबंध गाडीचा ब्रेक. इंजिनापासून शेवटच्या ब्रेकव्हॅनपर्यंत (गार्डच्या डब्यापर्यंत) गेलेल्या ब्रेक पाइपात, म्हणजे बीपीत, एरवी दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो हवेचा दाब असतो. ए-९ ओढली की हा दाब उतरतो: थोडा ब्रेक हवा तर ४.५ पर्यंत, पूर्ण ब्रेकला ३.५ पर्यंत, इमर्जन्सीत थेट शून्य. दाब उतरल्याचं प्रत्येक वाघिणीतल्या डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्हला कळतं आणि तो तिथल्याच टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरात सोडतो. दाब कमी, तेवढा ब्रेक जास्त. म्हणूनच गाडी तुटून दोन वाघिणींमधला बीपी जोडणारा होज पाइप सुटला तर कुणी हात न लावता दोन्ही तुकडे थांबतात.

एसए-९ फक्त इंजिनाचा. ती ओढली की इंजिनाच्या मुख्य टाकीतली हवा इंजिनाच्याच ब्रेक सिलिंडरात जाते. इथे दाब वाढला की ब्रेक वाढतो. मागच्या ५८ वाघिणींना याचा पत्ताही नसतो.

घोटाळा होतो तो ए-९ लावल्यावर इंजिनालाही ब्रेक लागतो म्हणून. चालत्या गाडीत इंजिनाची चाकं तापू नयेत म्हणून पायलट पायाच्या पॅडलने इंजिनापुरता ब्रेक सोडवून घेतो. वाघिणींचा तसाच राहतो.

आता चालती गाडी एसए-९ ने थांबवायला गेलं तर? इंजिन अडतं, मागचं ओझं येतच राहतं. वाघिणी जोडणाऱ्या कपलरांमधली मोकळीक एकेक करत मिटते आणि धक्का मागून पुढे इंजिनावर आदळतो. भरलेल्या वाघिणींच्या मधे रिकामी वाघीण असेल तर ती दाबली जाऊन रुळांवरून उचलली जाऊ शकते. म्हणून गाडी थांबवायची ती ए-९ नेच, आणि तीही आधी थोडी ओढून, मग बेतानं वाढवत. मालगाडीत ब्रेक पूर्ण लागायला १८ ते ३० सेकंद, सुटायला ४५ ते ६० सेकंद लागतात. घाईनं ‘लाव-सोड, लाव-सोड’ केलं की वाघिणींच्या टाक्या पुन्हा भरत नाहीत. एकाच पाइपाच्या गाडीत त्या फक्त बीपीतूनच भरतात, त्यामुळे उतारावर नेमक्या गरजेच्या वेळी ब्रेक तोकडा पडतो.

उभी गाडी धरून ठेवायला एसए-९ पुरते का, तेही हिशोबानं बघू. सपाटीवर पुरते. १५० ला १ चढावर (दर १५० मीटरला १ मीटर चढ) मात्र गाडी सुमारे ३२ टनांच्या ओढीनं मागे रेटते. १२३ टनांच्या इंजिनाची रुळावरची पकड कोरड्या रुळावर वजनाच्या वीस टक्के धरली तरी पंचवीस टनांच्या आतच, आणि रूळ ओला असेल तर त्याहून कमी. म्हणजे एसए-९ च्या भरवशावर ए-९ सोडून बसलात तर चाकं बंद असूनही इंजिन मागे घसरू शकतं.

म्हणून चढावर निघताना क्रम असा: एसए-९ लावलेली ठेवायची, ए-९ सोडायची, नॉच (इंजिनाच्या ताकदीचा टप्पा) वाढवून ओढ चढू द्यायची आणि ती वाढेल तशी एसए-९ हळूहळू सैल करायची. ब्रेक पुढून मागे सुटत जातात, त्यामुळे मागच्या वाघिणी थोडा वेळ गाडी धरून ठेवतात, एवढाच आधार. पण मागचे ब्रेक पुरते सुटण्याआधीच जोर लावला तर सगळा ताण एकाच कपलरवर येतो आणि त्याचा नकल (पकडणारा आकडा) तुटतो. उलट एसए-९ लागलेली विसरून गाडी पळवली तर इंजिनाची चाकं लाल होईपर्यंत तापतात आणि चाकावर वेगळा लोखंडी टायर चढवलेला असेल तर तो ढिला पडू शकतो.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे इंजिनामागचा अँगल कॉक (बीपीतली हवा अडवणारी तोटी) बंद राहणं. केबिनमधला काटा ५ किलो दाखवतो, ए-९ ओढली की तो उतरतोही, पण हवा कॉकपाशीच अडलेली. मग ए-९ ची अक्षरशः एसए-९ होते. म्हणूनच निघण्याआधी पायलट ए-९ ओढतो आणि मागे ब्रेकव्हॅनच्या गेजवर दाब उतरला का, हे ट्रेन मॅनेजर (पूर्वीचा गार्ड) वॉकीटॉकीवर सांगतो. ब्रेक सोडल्यावर तिथला काटा ४.७-४.८ पर्यंत परत चढायला हवा.

आणि रेक (वाघिणींची सगळी रांग) उतरवायला सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, लावून इंजिन काढून घेतलं, की दोन्ही दांड्यांचा संबंध संपतो. वाघिणींतली हवा काही तासांत गळून जाते. तिथे हाताने फिरवायचे हँडब्रेक आणि चाकाखाली लाकडी वेज (पाचरी), एवढ्यावरच ४,७०० टन उभे असतात.