बॉयलरमधला गाळ आणि स्केल: ब्लोडाऊनने काय निघतं, काय नाही

गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांत बॉयलर उघडतात. मड ड्रमच्या (बॉयलरच्या खालच्या टाकीच्या) तळाशी तपकिरी चिखल, म्हणजे गाळ, सापडतो आणि ट्यूबच्या आतून पांढरट, दगडासारखा थर. दोन्हींना सरसकट ‘क्षार साचलेत’ म्हणतात आणि मग एकाचा इलाज दुसऱ्यावर होतो.

थर म्हणजे स्केल. तो तापलेल्या धातूवर जागच्या जागी धरतो. कॅल्शियम सल्फेट तर पाणी जितकं गरम तितकं कमी विरघळतं, म्हणून आच सर्वांत जास्त तिथेच ते बसतं. कार्बोनेटचा थर पोलादाच्या जेमतेम विसाव्या हिश्शाने उष्णता पुढे देतो, सिलिकाचा त्याहूनही कमी. बगॅस (इंधन म्हणून वापरला जाणारा उसाचा चोथा) जास्त जळतो हे नुकसान त्यामानाने किरकोळ. खरा धोका ट्यूबला: पाण्याने थंड न झालेला धातू मऊ पडतो, फुगतो, फुटतो.

गाळ पाण्यातच तयार होतो, आणि बऱ्याचदा तो आपणच मुद्दाम करतो. पाणी पुरेसं अल्कधर्मी ठेवून फॉस्फेट सोडलं की कॅल्शियम ट्यूबला न चिकटता भुसभुशीत कणांच्या रूपात मड ड्रममध्ये उतरतं. तिथून ते तळाच्या ब्लोडाऊनने, म्हणजे झडप उघडून बॉयलरचं थोडं पाणी बाहेर सोडून, काढायचं. झडप थोडाच वेळ, पण पूर्ण उघडायची. किंचित उघडून तासभर ठेवली तर नुसतं गरम पाणी वाया जातं. (वरच्या ड्रमचं सततचं ब्लोडाऊन मुख्यतः विरघळलेल्या क्षारांसाठी असतं.) फॉस्फेटचा डोस चालू आणि इंधन वाचवायला ब्लोडाऊन बंद, हा प्रकार मला सर्वांत वाईट वाटतो. साचलेला गाळ ट्यूबवर भाजून घट्ट होतो आणि मग झडपेला दाद देत नाही.

स्केलचं काम बॉयलर थंड झाल्यावरच. सरळ ट्यूबमध्ये फिरता कटर चालतो, नाही तर इनहिबिटर (आम्लापासून धातू वाचवणारं रसायन) घातलेलं आम्ल. आधी एका खपलीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून बघावं. फसफसली तर कार्बोनेट आहे, ते विरघळेल. गप्प राहिली तर सल्फेट किंवा सिलिका असू शकते. तिथे आम्ल वाढवत नेलं तर थर राहतो आणि धातू खाल्ला जातो. सिलिकाला फ्लोराइड लागतं, आणि ते हाताळणं प्रशिक्षित माणसांचंच काम. आम्लाने धुताना हायड्रोजन निघतो, त्यामुळे आसपास वेल्डिंग नको, बिडीही नको.

चालू बॉयलरमध्ये स्केल सोडवणारं रसायन एकदम जास्त ओतण्याचा मोह मात्र टाळावा. जुना थर मोठ्या पापुद्र्यांनी सुटतो, ट्यूबच्या वाकात अडकतो, तिथलं पाणी थांबतं आणि ऐन हंगामात ट्यूब जाते.