डॅशबोर्डची फाइल: एमआरटीजीपासून ग्राफानाच्या जेसनपर्यंत

ऑफिसात नवीन आलेल्या मुलाने विचारलं, दादा सर्व्हरचा रोज बॅकअप होतो तर मग ग्राफाना या ग्राफ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले डॅशबोर्ड (ग्राफ मांडलेल्या स्क्रीन) वेगळे एक्सपोर्ट कशाला करून ठेवता. उत्तर द्यायला गेलो तर पार १९९५ पर्यंत मागे जावं लागलं.

तेव्हा टोबियास ओटिकर नावाच्या माणसाने एमआरटीजी नावाचं नेटवर्कचा वापर मोजणारं सॉफ्टवेअर लिहिलं, पर्ल भाषेत. त्याच्याकडे बाहेर जाणारी लाइन होती फक्त ६४ किलोबिटची आणि ती कितपत भरलीये हे सगळ्यांना बघायचं होतं. राउटरकडून दर पाच मिनिटांनी आकडे घ्यायचे, ग्राफ काढायचा, वेबपेजवर टाकायचा, बस. सगळं सेटिंग एका टेक्स्ट फाइलमध्ये, त्यामुळे बॅकअप म्हणजे ती फाइल कॉपी करा, झालं काम. दुसऱ्या मशीनवर न्यायचं तरी तेच.

मग १९९९ ला त्यानेच आरआरडीटूल काढलं, आकडे गोल फिरत्या साठ्यात (जुन्यांच्या जागी नवे) ठेवणारं, म्हणजे फाइल कधी फुगतच नाही. पण या फाइली बायनरी, म्हणजे साधा मजकूर नसलेल्या, आणि मशीनच्या आर्किटेक्चरला बांधलेल्या. ३२ बिटवरची फाइल ६४ बिटवर नुसती उचलून ठेवली तर उघडतच नाही, आधी डंप मारून एक्सएमएल (मजकुराची फाइल) करायचं आणि पलीकडे रिस्टोर. ‘कॉपी केलं म्हणजे बॅकअप झाला’ हा समज तिथेच पहिल्यांदा फुटला असं मला वाटतं.

२००१ ला कॅक्टाय हे ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर आलं आणि ग्राफची व्याख्याच मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये जाऊन बसली. माउसने क्लिक करून ग्राफ बनायला लागले, लोक खूश, पण आता दाखवायला हातात फाइल नाही. म्हणून टेम्प्लेट एक्सएमएलमध्ये एक्सपोर्ट करायची सोय होती आणि लोक ते एकमेकांना द्यायचे. त्यातही नव्या व्हर्जनचं टेम्प्लेट जुन्या कॅक्टायमध्ये टाकलं की हॅश व्हर्जनची एरर देऊन गप्प बसायचं (ती एरर बघून किती रात्री गेल्यात विचारू नका).

ग्राफानाची गोष्ट याचीच पुढची. टॉर्केल ओडेगार्डने किबाना ३ या डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरचा फोर्क (कोडची वेगळी प्रत) घेऊन २०१४ च्या जानेवारीत पहिलं रिलीज केलं, मुख्यतः ग्राफाइट या आकडे साठवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी. सुरुवातीला स्वतःचा बॅकएंडच (सर्व्हरवर चालणारा भाग) नव्हता, सगळं ब्राउजरमध्ये चालायचं आणि डॅशबोर्ड सेव्ह व्हायचे इलास्टिकसर्च या वेगळ्या साठ्यात. पण प्रत्येक डॅशबोर्ड आतून एक जेसन (साध्या मजकुरात लिहिलेली मांडणी) होता, ही गोष्ट पुढे फार कामी आली. एप्रिल २०१५ च्या २.० मध्ये गो भाषेतला बॅकएंड आला, लॉगिन-युजर आले आणि डॅशबोर्ड डेटाबेसमध्ये गेले. काही वेगळं सांगितलं नाही तर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एकच फाइल, ग्राफाना डॉट डीबी.

या एका फाइलने आमचा घात केलाय. आधीच्या एका कंपनीत डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅमचा वेगळा डबा) ग्राफाना चालवलेला, व्हॉल्यूम (डब्याबाहेरची कायमची जागा) लावायचं राहिलं, कोणीतरी इमेज अपडेट करायला कंटेनर काढून नवीन टाकला आणि सकाळी लॉगिन केलं तर कोरा करकरीत ग्राफाना, ॲडमिन-ॲडमिन पासवर्डसकट. आकडे प्रॉमिथियसमध्ये (ते साठवणारं वेगळं सॉफ्टवेअर) शाबूत, पण ते दाखवणारी एकही स्क्रीन नाही. सर्व्हरचा बॅकअप होता हो, पण कंटेनरच्या आतलं त्यात येतच नव्हतं.

बरं, जेसन काढून ठेवला तरी दुसरीकडे तो लगेच चालेल असं नाही. डेटासोर्सचं, म्हणजे आकडे जिथून घ्यायचे त्याचं, नाव आत लिहिलेलं असायचं, तुमच्याकडे ‘प्रॉड-प्रॉम’ आणि माझ्याकडे दुसरंच काहीतरी, मग प्रत्येक पॅनलवर (ग्राफच्या चौकटीवर) लाल त्रिकोण. २०१६ च्या ३.१ मध्ये यावर तोडगा निघाला, एक्सपोर्ट करताना डेटासोर्सच्या जागी ‘डीएस अंडरस्कोर प्रॉमिथियस’ असा व्हेरिएबल बसतो आणि इम्पोर्ट करताना ग्राफाना विचारतो की बाबा तुझा कुठला. त्याच जोरावर डॅशबोर्ड शेअर करायची साइट चालली, आणि तिथला १८६० हा डॅशबोर्डचा नंबर, म्हणजे सर्व्हरचे आकडे दाखवणारा नोड एक्सपोर्टर फुल, आज निम्म्या लोकांना तोंडपाठ असेल. या एक्सपोर्टमध्ये फक्त मांडणी येते हां, आकडे नाहीत आणि डेटासोर्सचे पासवर्डही नाहीत.

मार्च २०१८ च्या ५.० मध्ये प्रोव्हिजनिंग आलं, म्हणजे जेसन फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा, ग्राफाना तिथून उचलतो. फिरून परत फाइलवरच! पण असा डॅशबोर्ड स्क्रीनवर बदलून सेव्ह करायला गेलात की नाही म्हणतो, जेसन कॉपी करून फाइलमध्ये टाका म्हणतो. लोक वैतागले, मग पुढे ती अट सैल करायचं सेटिंग दिलं. आणि २०२५ च्या मे महिन्यात ग्राफाना १२ सोबत गिट सिंक आलं, स्क्रीनवरून सेव्ह करा आणि बदल थेट गिटमध्ये (फाइलींमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी सिस्टीम).

आम्ही अजून जुन्याच पद्धतीने, रात्री दोनला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) ग्राफानाच्या एपीआयवरून सगळे जेसन ओढतो आणि गिटमध्ये टाकतो. परवा त्या मुलाला एक कमिट (गिटमधली बदलाची नोंद) उघडून दाखवलं, जवळपास ४० ओळी बदललेल्या, घाबरला बिचारा. नीट बघितलं तर कोणीतरी वरचं एक पॅनल जरा मोठं केलेलं आणि खालच्या सगळ्यांचा वाय (वरून किती खाली तो आकडा) दोनाने वाढलेला.