चाल कुणाची, साज कुणाचा?

पोरगं कीबोर्ड बरा वाजवायला लागलं की घरचे म्हणतात, "हा संगीतकार होणार." यातली बरीच पोरं पुढे होतात संगीत संयोजक. धंद्यात सगळे 'अरेंजर' म्हणतात.

कुठलंही गाणं न्हाणीघरात गुणगुणून बघा. एकही वाद्य नसताना जे उरतं ती चाल, ती संगीतकाराची. पण मुखडा संपला की आपण तोंडानेच जो म्युझिक पीस वाजवतो तो, गायिकेच्या ओळीमागे बासरी हळूच काही वेगळं बोलून जाते ते, अंतऱ्याआधी चढत जाणारी व्हायोलिन्स... हे बहुधा संयोजकाचं डोकं. बहुधा अशासाठी म्हणतो, की सलील चौधरींसारखे संगीतकार वाद्यमेळही स्वतःच योजत.

जुन्या मुंबईत संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. पण वाद्यवृंदातल्या प्रत्येकापुढे त्याच्या वाद्याचं नोटेशन, म्हणजे काय वाजवायचं ते लिहिलेला कागद, कोण ठेवणार? तिथे गोवेकर लागायचे, कारण पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलं लहानपणीच स्वरलिपी नि व्हायोलिन शिकत. शंकर-जयकिशनकडचे सेबॅस्टियन डिसूझा त्यांतलेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे या गुरूंचं नाव देशभर झालं, पण हे नाव एका खऱ्या संयोजकाचं आहे, हे किती जणांना ठाऊक होतं?

खरा फरक कागदावर दिसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सांगीतिक कृतीचा लेखक म्हणजे संगीतकार. गंमत अशी, की मूळ व्याख्येत संगीत लिहिलेलं असणं गरजेचं होतं, आणि लिहीत असे बऱ्याचदा संयोजक! १९९४ च्या दुरुस्तीने ती अट गेली. संयोजन मात्र कायद्याच्या भाषेत 'रूपांतर', म्हणजे आधीच्या कृतीवर बेतलेलं काम. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. संयोजकाला सहसा ठरलेलं मानधन मिळतं नि विषय संपतो.

म्हणून संयोजन कमी दर्जाचं मानायचं कारण नाही. चाल रोज सुचत नाही. संयोजनाचं काम मात्र जाहिराती, मालिकांची शीर्षकगीतं, भावगीतांचे कार्यक्रम असं चारी बाजूंनी येतं. माझं मत विचाराल तर विशीत आधी हेच शिकावं: कुठलं वाद्य कुठल्या सप्तकात खुलतं, गायकाची पट्टी बदलली की काय काय बदलावं लागतं. अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल संयोजनही करत आणि 'अनिल-अरुण' म्हणून चालीही देत.

आता लॅपटॉपवर एकच माणूस दोन्ही करतो, त्यामुळे घोळ वाढलाय. मित्राच्या दोन ओळींच्या गुणगुणण्यावर तुम्ही अख्खा अंतरा रचलात, तर ते नुसतं संयोजन राहिलं नाही. रेकॉर्डिंगच्या आधीच संगीतकार म्हणून कुणाकुणाची नावं जाणार ते लिहून घ्या. गाणं चालल्यावर हा विषय काढला की मैत्री बेसूर होते.