मॅशचे तापमान (घरगुती बिअरनिर्मिती)

मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे मॉल्ट, भरडून गरम पाण्यात तासभर मुरवली की तिच्यातल्या पिष्टाची साखर होते. पाण्यात मुरणाऱ्या या भरडीला मॅश म्हणतात. मॅश सहसा ६५° ते ६८° से. तापमानात ठेवतात. दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले, तरी बिअर बदलते.

याचे कारण मॉल्टमधली दोन विकरे. बीटा-अमायलेज ६०° ते ६५° ला जोमात असते. ते पिष्टाच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोज तोडत जाते आणि यीस्ट ही साखर सहज खाते. ७०° च्या पुढे मात्र ते काही मिनिटांत निकामी होते. अल्फा-अमायलेज ७०° च्या आसपास चांगले चालते, साखळी मधूनच कुठेही तोडते, आणि यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिने मागे राहतात. त्यामुळे ६४° ची बिअर हलकी नि कोरडी होते, तर ६९° ची दाट, तोंडात भरणारी.

तापमापक नव्हते तेव्हा इंग्लंडमध्ये पाणी तापवून वाफ विरेपर्यंत थांबत. पाण्यात चेहरा दिसू लागला की मॉल्ट घालत. मध्य युरोपात मॅशचा साधारण तिसरा हिस्सा काढून उकळत आणि परत ओतत. हिस्सा ठरलेला, उकळी ठरलेली, म्हणून अख्ख्या मॅशची वाढही ठरलेली. तापमापकावाचून काढलेली ही युक्ती फार हुशारीची आहे. लंडनचे ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारे, मायकेल कॉम्ब्रून यांनी १७६२ च्या ग्रंथात तापमापकाचा आग्रह धरला. मॉल्टमधले डायस्टेज, म्हणजे पिष्टाची साखर करणारे विकर, पायाँ आणि पेर्सोझ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले ते १८३३ मध्ये.

घरच्या ब्रूअरची खरी परीक्षा पहिल्या दहा मिनिटांत असते. मॉल्ट थंड असते, म्हणून आधण हव्या त्या तापमानापेक्षा जास्त गरम लागते. किती, ते हिशेबाने निघते: हव्या असलेल्या तापमानातून मॉल्टचे तापमान वजा करा, ०.४१ ने गुणा, दर किलोमागे घेतलेल्या लिटरांनी भागा आणि उत्तर हव्या असलेल्या तापमानात मिळवा. ५ किलो मॉल्ट २०° ला, पाणी १५ लिटर, मॅश ६७° ला हवा, तर आधण ७३.४° चे. तेच मॉल्ट हिवाळ्यात ५° पर्यंत गारठलेले असेल, तर ७५.५° चे. भांडे स्वतःही उष्णता खाते, आणि हिशेबात ते धरलेले नसते. म्हणून ते आधी गरम पाण्याने शेकून घ्यावे.

भरड थोडीथोडी वैरत, गुठळ्या फोडत ढवळावी. गुठळीचा गाभा कोरडा राहतो आणि त्यातले पिष्ट वाया जाते. लगेच घेतलेली नोंद फसवी असते. पाचेक मिनिटांनी पुन्हा ढवळून मध्यभागी, कडेला आणि तळाशी असे तिन्हीकडे मोजावे. तळाशी आच लागणाऱ्या विजेच्या भांड्यात तळाचा संवेदक ६७° दाखवत असताना वरची भरड बरीच थंड असू शकते. मॅश थंड पडला, तर कपभर उकळते पाणी घालून ढवळावे. जास्त तापला, तर थंड पाणी, तेही ताबडतोब. थंड मॅश सावरता येतो, पण तापून मेलेले बीटा-अमायलेज परत येत नाही.

तापमापक बर्फ-पाण्याच्या लगद्यात ०° दाखवतो का, ते आधी पाहावे. उकळत्या पाण्याची कसोटी समुद्रसपाटीलाच १००° ची असते. अमेरिकेतल्या घरगुती ब्रूअरांची संघटना १९७८ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे उभी राहिली. सुमारे १,६५० मीटर उंचीच्या त्या गावात पाणी ९५° च्या आसपासच उकळते. अमेरिकेत घरी बिअर बनवण्याला १९७९ पासून केंद्रीय कायद्याने मुभा आहे, ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ मध्ये गेली. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय असे करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.

शेवटी मॅशचा थेंब बशीत घेऊन त्यावर आयोडीन टाकतात. निळे-काळे झाले, तर पिष्ट उरले आहे. रंग बदलला नाही, तर साखर झाली. पण ती कोणत्या तापमानाला झाली, हे आयोडीन सांगत नाही. ते आंबवणे संपल्यावर घनतामापकाच्या शेवटच्या नोंदीत दिसते.