स्नायू, सांधे आणि हालचाल

मानवी शरीराची कोणतीही हालचाल तीन गोष्टींच्या मेळातून घडते : आकुंचन पावून ओढणारा स्नायू, त्या ओढीला दिशा देणारा सांधा आणि कोणत्या स्नायूने केव्हा, किती ओढायचे हे ठरवणारी मज्जासंस्था. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात साधारणपणे २०६ हाडे असतात आणि त्यांना हलवणारे स्नायू ६०० हून अधिक. यांतला एकही स्नायू ढकलू शकत नाही. त्याला फक्त ओढता येते. दार लोटणे, उडी मारणे, चेंडू फेकणे या क्रिया बाहेरून ढकलण्यासारख्या दिसल्या, तरी आत प्रत्येक वेळी कुठल्या तरी हाडाला ओढण्याचेच काम चाललेले असते. ही मर्यादा लक्षात ठेवली की शरीररचनेतल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो : स्नायू जोडीने का असतात, गुडघ्यावर वाटी कशाला हवी, आणि सांध्यांवर शरीराच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त भार का येतो.

हृदयाच्या भिंतीतला हृदयस्नायू आणि आतडी, रक्तवाहिन्या, मूत्राशय यांच्या भिंतींतले मृदू स्नायू आपल्या इच्छेने चालत नाहीत. येथे विचार केला आहे तो हाडांना जोडलेल्या ऐच्छिक स्नायूंचा. कानातल्या सर्वांत लहान हाडाला आवरणारा, जेमतेम ६ मिमी. लांबीचा स्नायू आणि नितंबाचा जाडजूड स्नायू यांच्या आकारात प्रचंड तफावत आहे, पण आतली घडण एकच आहे.

स्नायूची घडण

स्नायू म्हणजे तंतूंच्या जुडग्यांचा जुडगा. प्रत्येक जुडग्याभोवती संयोजी ऊतीचे पातळ वेष्टन असते आणि ही वेष्टने टोकाशी एकवटून कंडरा तयार होते. कंडरेचे कोलॅजेनचे धागे हाडात शिरून रुजलेले असतात. ही पकड इतकी पक्की असते की मोठा झटका बसला, तर कंडरा सुटण्याऐवजी कधीकधी हाडाचा कपचाच निघतो.

एक स्नायुतंतू म्हणजे एक पेशी, पण ती अनेक पेशी एकमेकींत मिसळून बनलेली असल्यामुळे तिच्यात पुष्कळ केंद्रके असतात. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर आडवे पट्टे दिसतात. हे पट्टे म्हणजे सार्कोमिअर नावाच्या घटकांची रांग होय. एका सार्कोमिअरची लांबी सुमारे २.५ मायक्रोमीटर, म्हणजे १० सेंमी. लांबीच्या तंतूत असे ४०,००० घटक एकामागोमाग एक लागलेले असतात. प्रत्येकात मायोसिन या प्रथिनाचे जाड आणि ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक तंतुक एकमेकांत अर्धवट शिरलेले असतात.

स्नायू आखडतो म्हणजे त्यातली प्रथिने स्वतः आखडतात, अशी समजूत बराच काळ होती. १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगर्क यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. आडनाव सारखे असले तरी दोन्ही हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हते, आणि दोन्ही गट स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला आले होते : तंतुकांची लांबी बदलत नाही, ते एकमेकांवरून सरकतात. जीवशास्त्रात इतका साधा आणि इतका टिकलेला सिद्धांत विरळाच.

सरकण्याचे काम मायोसिनच्या डोक्यांचे. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन सुटले की तंतूच्या पटलावर विद्युत् संदेश पसरतो आणि आतल्या पिशव्यांतून कॅल्शियम बाहेर येते. कॅल्शियम ॲक्टिनवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते, जागा झाकून बसलेले ट्रोपोमायोसिन हे दुसरे प्रथिन बाजूला सरते आणि ॲक्टिनवरच्या जागा मोकळ्या होतात. मायोसिनचे डोके तिथे चिकटते, वळते आणि ॲक्टिनला सुमारे मिलिमीटरचा लाखावा भाग एवढे ओढते. मग एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचा, नवा रेणू येऊन त्याला सोडवतो आणि ते पुढच्या खेपेला तयार होते. एटीपी सोडवण्यासाठी लागतो, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरते ते याच कारणाने : एटीपी संपतो आणि चिकटलेली डोकी सुटू शकत नाहीत.

एटीपीचा साठा जोरदार कामाला काही सेकंदच पुरतो. त्यानंतर क्रिएटिन फॉस्फेट, मग ऑक्सिजनशिवाय होणारे ग्लुकोजचे विघटन आणि दीर्घ श्रमात ऑक्सिजनसह होणारे ज्वलन तो भरून काढत राहते. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. थंडीत कुडकुडण्याचा उपयोग नेमका हाच.

जोर कमीजास्त कसा होतो

एक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले सर्व तंतू मिळून एक चालक एकक होते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका चेतापेशीकडे मोजके तंतू असतात, पोटरीत हजाराहून अधिक. सुईत दोरा ओवण्याची आणि पायरी चढण्याची हालचाल वेगळी पडते ती इथे. जोर वाढवताना मज्जासंस्था आधी लहान एकके कामाला लावते, मग मोठी, आणि सोबत संदेशांचा वेगही वाढवते. लहान एककांतले तंतू बहुधा संथ आणि न थकणारे असतात, मोठ्यांतले चपळ पण लवकर दमणारे.

स्नायूची त्या क्षणाची लांबीही महत्त्वाची. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवून मूठ आवळून पाहावी. मूठ ढिलीच राहते. बोटे मिटणारे स्नायू मनगट वाकवताच आखडलेले असतात, त्यांचे तंतुक आधीच एकमेकांत खोल शिरलेले असल्यामुळे ओढायला जागा उरत नाही. शिवाय हाताच्या मागच्या बाजूच्या कंडरा ताणल्या जाऊन बोटांना मागे खेचतात. मनगट थोडे मागे झुकवले की तीच मूठ घट्ट होते.

सांधे

कवटीच्या हाडांमधले सांधे जवळजवळ हलत नाहीत. मणके मधल्या गाद्यांमुळे थोडे हलतात. मोकळी हालचाल होते ती संधिद्रव असलेल्या सांध्यांत : खांदा, कोपर, खुबा, गुडघा, बोटांची पेरे. अशा सांध्यात हाडांची टोके कूर्चेने मढवलेली असतात, भोवती पिशवीसारखे आवरण असते, त्याच्या आतल्या अस्तरातून संधिद्रव पाझरतो आणि बाहेरून अस्थिबंध हाडाला हाडाशी बांधून ठेवतात.

कूर्चा बहुतेक ठिकाणी काही मिलिमीटरच जाड असते. तिच्या वजनात दोनतृतीयांशाहून अधिक पाणी असते, आणि तिच्यात ना रक्तवाहिन्या असतात ना मज्जातंतू. भार पडला की तिच्यातले पाणी दाबले जाते आणि बराचसा दाब तेच पेलते. भार उतरला की द्रव पुन्हा आत शोषला जातो. कूर्चेचे पोषणही याच ये-जा करणाऱ्या द्रवातून होते, म्हणून सांधा दीर्घकाळ न हलवता ठेवला तर ती कमजोर होते. संधिद्रव अगदी थोडा असतो, निरोगी गुडघ्यातही काही मिलिलिटरच. तरीही कूर्चेवर कूर्चा इतक्या कमी घर्षणाने सरकते की माणसाने बनवलेल्या यंत्रांत तिला तोड सापडणे अवघड आहे. 'गुडघ्यातले वंगण संपले' असे सर्रास म्हटले जाते, पण संधिवाताच्या नेहमीच्या प्रकारात झिजते ती कूर्चा. द्रव उलट वाढून गुडघा सुजलेला असू शकतो, फक्त तो पातळ झालेला असतो.

बोटे मोडताना येणारा आवाज हाडांचा नसतो. सांधा ताणला की आतला दाब एकदम घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये चालू हालचालीचे एमआरआय चित्रण करून हे दाखवण्यात आले.

सांध्याचा आकार हालचालीची दिशा ठरवतो, पण मोकळीक आणि स्थैर्य एकत्र मिळत नाहीत. खुब्याचा गोळा खोल खोबणीत बसतो, म्हणून तो सहसा निखळत नाही आणि फार फिरतही नाही. खांद्याची खोबण इतकी उथळ की गोळ्याचा लहानसा भागच तिच्यात मावतो. त्याला जागेवर धरून ठेवतात ते मुख्यतः भोवतालचे चार स्नायू. ते दमले, फाटले किंवा गाफील असताना झटका बसला, की खांदा निखळतो. मोठ्या सांध्यांत सर्वाधिक वेळा निखळणारा सांधा हाच. गुडघा बिजागरीसारखा मानला जातो, तेही पूर्ण खरे नाही : पाय सरळ होताना शेवटच्या टप्प्यात नडगीचे हाड किंचित बाहेर वळते आणि गुडघा जणू कुलूपबंद होतो.

तरफेचे गणित

स्नायू सांध्याच्या अगदी जवळ हाडाला जोडलेला असतो. दंडाच्या पुढच्या बायसेप्सची कंडरा कोपराच्या आसापासून सुमारे ४ सेंमी. अंतरावर जोडलेली असते, तळहातावरचे ओझे मात्र सुमारे ३५ सेंमी. अंतरावर. कोपर काटकोनात ठेवून ५ किलो वजन धरले, तर कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना मिळून सुमारे ४४ किलोंच्या वजनाएवढी ओढ द्यावी लागते. त्यात हाताचे स्वतःचे वजन धरलेले नाही. सतराव्या शतकात जोव्हान्नी बोरेल्ली या इटालियन गणितज्ञाने तरफेच्या नियमांनी ही गणिते मांडली आणि स्नायूंचा जोर उचललेल्या ओझ्याच्या कितीतरी पट असतो हे दाखवले.

हा तोट्याचा सौदा वाटतो, पण त्याच्या बदल्यात वेग मिळतो. स्नायू १ सेंमी. आखडला की हात जवळजवळ ९ सेंमी. हलतो. स्नायूला फार आखडता येत नाही, पण जोर भरपूर लावता येतो, त्यामुळे हा व्यवहार त्याच्या कुवतीला साजेसा आहे. अतिरिक्त जोराची किंमत सांधा मोजतो, कारण स्नायूची सारी ओढ हाडांना एकमेकांवर दाबते.

खुब्यात हे सर्वांत स्पष्ट दिसते. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एका पायावर उभे असतो. तेव्हा उचललेल्या पायाच्या बाजूला कंबर कलू नये म्हणून टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरचे स्नायू तिला खाली ओढून समतोल राखतात. शरीराचे वजन आणि ही ओढ मिळून खुब्यावर वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायला सांगतात, त्याचे कारण हेच आहे. डाव्या हातातली काठी उजव्या खुब्यापासून लांब असल्यामुळे तिच्यावरचा थोडासा दाबही कंबरेला पुरेसा उचलून धरतो आणि उजव्या स्नायूंची ओढ खूप कमी होते. दुखऱ्या बाजूलाच काठी धरणारे अनेक जण हा फायदा गमावतात.

गुडघ्याची वाटी हेच गणित सुधारते. मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत बसलेले हे हाड कंडरेला सांध्याच्या आसापासून दूर ठेवते, त्यामुळे तेवढ्याच ओढीत पाय अधिक जोराने सरळ होतो.

जोड्या आणि तारतम्य

ओढलेले हाड परत आणायला उलट बाजूचा स्नायू हवाच. बायसेप्स कोपर वाकवतो, मागचा ट्रायसेप्स सरळ करतो. बायसेप्सचे आणखी एक काम आहे, तळहात वर वळवण्याचे. कोपर वाकवून तळहात वरखाली फिरवताना दंडावर दुसरा हात ठेवला तर तो फुगताना जाणवतो. एक स्नायू आखडताना त्याचा प्रतिस्पर्धी ढिला पडतो, ही व्यवस्था चार्ल्स शेरिंग्टन यांनी उलगडली. चेतापेशींच्या कार्याबद्दल त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीने टिचकी मारली की पाय उडतो त्यातही हेच घडते : स्नायूतल्या ताणमापक तंतूंचा संदेश मज्जारज्जूतून परस्पर परततो, मेंदूला विचारले जात नाही, आणि त्याच वेळी मांडीमागच्या स्नायूंना थांबण्याचा आदेश जातो.

स्नायू लांबत असतानाही काम करतो. जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात जात शरीराला आवरून धरतो. सवय नसलेल्या उतारानंतर एकदोन दिवसांनी मांड्या दुखतात त्या अशा कामामुळे तंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजेने. त्याचा दोष लॅक्टिक आम्लाला दिला जातो, पण ते श्रम संपल्यावर तासादोन तासांत निघून गेलेले असते.

बोटांची गोष्ट वेगळी. बोटांच्या आत त्यांना वाकवणारा एकही स्नायू नाही. तो कोपराखालच्या हातात आणि तळहातात असतो, बोटांत पोहोचतात त्या फक्त कंडरा. तळहात टेबलावर टेकवून मधले बोट आत दुमडावे आणि बाकीची बोटे एकेक करून उचलावी. अनामिका उचलत नाही. तिला उचलणारी कंडरा शेजारच्या मधल्या बोटाच्या कंडरेशी आडव्या पट्ट्याने बांधलेली असते आणि तिला स्वतःचा वेगळा स्नायू नसतो. तर्जनी आणि करंगळीला तो असतो.

झीज आणि भरपाई

स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि त्याच्या तंतूंलगत नव्या पेशी पुरवणाऱ्या सुप्त पेशी असतात, त्यामुळे तो लवकर सावरतो. कंडरा आणि अस्थिबंध यांना महिने लागतात. कूर्चा जवळजवळ भरूनच येत नाही. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था अधिक एकके कामाला लावू लागल्यामुळे. तंतू जाड व्हायला त्याहून अधिक काळ जातो. प्लास्टरमध्ये किंवा अंथरुणाला खिळून राहिलेला स्नायू मात्र काही दिवसांतच रोडावू लागतो. खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात आणि पुढचे कित्येक आठवडे खुब्याबाहेरच्या स्नायूंचे व्यायाम करून घेतात. सांधा नवा बसला तरी हे स्नायू अशक्त राहिले, तर पाऊल टाकताना कंबर कलतच राहते.