नायट्याची ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळावी का?

पुण्यात पाऊस लागला की कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. ओलसर जीन्स, वर रेनकोट, आत घाम. मग जांघेत नाहीतर कमरेला गोल चट्टा उठतो आणि खाज सुटते. हाच नायटा, आणि तो बुरशीमुळे होतो. डॉक्टरांना दाखवायची लाज वाटते, म्हणून माणूस मेडिकलमध्ये जाऊन हळूच म्हणतो, “खाजेची ट्यूब द्या.” चिठ्ठी बहुतेक वेळा कुणी विचारत नाही.

तिथे दोन अगदी वेगळ्या ट्यूब मिळू शकतात. एकीत नुसतं क्लोट्रिमाझोल हे बुरशीवरचं औषध असतं. बुरशीच्या पेशीचं आवरण एर्गोस्टेरॉल या पदार्थामुळे शाबूत राहतं, आणि क्लोट्रिमाझोल तोच तयार होऊ देत नाही. आपल्या पेशींत त्याजागी कोलेस्टेरॉल असतं, शिवाय हे मलम कातडीतून रक्तात फारच थोडं उतरतं. त्यामुळे ते बऱ्यापैकी निर्धोक आहे.

दुसरीत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉलसारखं जालीम स्टेरॉइड असतं. लाली आणि खाज म्हणजे बुरशीशी चाललेली आपल्या शरीराची झुंज. स्टेरॉइड ती झुंजच दडपून टाकतं. दोन दिवसांत आराम पडतो, माणूस खूश होतो, आणि बुरशी पसरत राहते. चट्ट्याची ठसठशीत कड पुसट होते, मग त्वचारोगतज्ज्ञांनाही तो ओळखणं अवघड जातं. ट्यूब सोडली की खाज पुन्हा उसळते, म्हणून माणूस तीच ट्यूब परत आणतो. महिनोन्‌महिने असं चाललं की कातडी पातळ होते आणि जांघेत कायमचे पट्टे उमटतात.

2018 मध्ये केंद्र सरकारने कातडीला लावायची 14 स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठी सक्तीची केली. केंद्राच्याच 2022 च्या नियमांच्या मसुद्यात उलट 16 औषधं चिठ्ठीविना विकायला मोकळी करायचं सुचवलं होतं. पॅरासिटामॉल 500 होतं, क्लोट्रिमाझोलही होतं. अट अशी की पाच दिवसांपेक्षा जास्त वापरायचं नाही, गुण आला नाही तर डॉक्टर गाठायचा.

क्लोट्रिमाझोल मोकळं करावं, असं माझं ठाम मत आहे. पण पाच दिवसांची अट तापाच्या गोळीला शोभते, नायट्याला नाही. नायट्याला साधारण दोन ते चार आठवडे मलम लावावं लागतं, खाज थांबल्यावरही. हे फार्मासिस्टने गिऱ्हाइकाला तोंडी सांगायलाच हवं.

स्टेरॉइडच्या मिश्र ट्यूबना मात्र चिठ्ठी हवीच, आणि ती खरोखर मागितली जायला हवी. ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ ही नायट्याची बुरशी 2020 मध्ये वेगळी प्रजाती म्हणून ओळखली गेली. नावातच भारत आहे. टर्बिनाफिन या हुकमी औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. तिच्या फैलावामागे अशा मिश्र मलमांचा बेसुमार वापर हे एक कारण असावं, असं अनेक त्वचारोगतज्ज्ञांना वाटतं. घरात अशी ट्यूब असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा: क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन दिसलं, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.