क्वाड्रॅट पद्धत (शहरी बागेतली)

जमिनीवर ठरावीक मापाची चौकट ठेवायची, तिच्यात येणारी रोपं मोजायची आणि त्यावरून अख्ख्या जागेचा अंदाज बांधायचा, ही क्वाड्रॅट पद्धत. बॉटनीच्या पोरांना प्रॅक्टिकलला ती करावीच लागते आणि शहरात जंगल कुठून आणणार, म्हणून बाग नाहीतर टेकडी गाठतात. गवत-तणांसाठी १ × १ मीटर, झुडपांना ५ × ५, झाडांना १० × १० हे नेहमीचं माप.

पद्धत सुरू कुणी केली यावर मतं वेगवेगळी आहेत. सहसा श्रेय दिलं जातं अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स यांना. साधारण १८९८ च्या सुमारास त्यांनी प्रेअरीत (तिथल्या गवताळ माळरानात) ५ मीटर बाजूचे चौकोन आखून एकेक रोप मोजलं, आणि नुसत्या नजरेनं लावलेला अंदाज किती फसवतो ते उघड झालं (पाउंड पुढे हार्वर्ड लॉ स्कूलचे डीन झाले, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं). पण आखलेल्या तुकड्यात मोजणं त्याहून जुनं आहे, डार्विनने ३ फूट बाय २ फूट जागा खणून साफ केली, उगवलेल्या प्रत्येक तणाला खूण केली आणि ३५७ पैकी २९५ रोपं मुख्यतः गोगलगायी आणि किड्यांनी संपवली, हे १८५९ मध्ये छापलेलं आहे. त्यामुळे मोजणी आधीची, आणि बऱ्याच चौकटींवरून प्रदेशाबद्दल बोलणं नेब्रास्काचं, असं धरलेलं जास्त पटतं. डेन्मार्कच्या राउंकियेर यांनी नंतर मोजणीऐवजी फक्त 'आहे की नाही' बघून वारंवारता काढली, म्हणजे किती टक्के चौकटींत ती जात सापडली ते. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधले वारंवारतेचे २०-२० टक्क्यांचे पाच वर्ग त्यांचेच.

एका जातीची एकूण रोपं भागिले एकूण चौकटी म्हणजे घनता, आणि तीच रोपं ती जात सापडली तेवढ्याच चौकटींनी भागलं की विपुलता.

खरी अडचण हरळीशी येते. ती जमिनीवरून धावत जाते, पेरापेराला मुळं धरते, मग एक रोप कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं? तिथे आकडा मोजण्यापेक्षा किती टक्के जमीन झाकलीय तेच लिहावं. कडेवरच्या रोपांसाठी दोन बाजू धरायच्या, दोन सोडायच्या, सगळीकडे त्याच. चौकट डोळे मिटून फेकली म्हणजे रँडम झालं असं अजिबात नाही, हात सोप्या जागेकडेच जातो. दोन बाजूंना टेप लावून रँडम नंबरवरून जागा काढाव्यात.

बागेत लॉनवर माळ्याचं मशीन फिरतं, पाणी रोज, तर कुंपणालगत गाजरगवत, आघाडा, टाकळा, म्हणून दोन्हींची सरासरी एकत्र काढू नये. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर जुन्या कचरा डेपोवर उभं केलेलं, तिथली बरीचशी झाडं लावलेली आहेत, त्यांची घनता मुळात लावणाऱ्यांनीच ठरवलेली. आपोआप काय उगवतंय ते झाडांखालच्या तणांतच बघावं, तेही पावसाळ्यात, कारण एप्रिलपर्यंत त्यातलं बरंचसं वाळून जातं.